अ‍ॅमेझॉनच्या झाडांना नाव कोण देणार?

अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातील अरण्ये वाचविण्याच्या घोषणा वारंवार होतात. त्या अरण्यांत नेमके काय आहे, याची यादी मात्र अद्याप पुरी झालेली नाही आणि जी आहे तिच्यातील नावांवर एकमत नाही. वरकरणी केवळ अभ्यासकांपुरता वाटणारा हा प्रश्न औषधे, शेती, लाकडाचा व्यापार आणि देशादेशांतील हक्क यांच्याशी कसा जोडला गेला आहे, याचा हा वेध.

१९७३ मध्ये रॉबिन फॉस्टर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला पेरू देशातील मानू राष्ट्रीय उद्यानात एक लहानसे झाड दिसले. कागदी कंदिलासारखी दिसणारी नारिंगी फळे त्याला लागली होती. फॉस्टर यांनी फांदी तोडली, दाबून वाळविली आणि नमुना सोबत नेला. झाड दुर्गम कड्यावरचे नव्हते, पायवाटेलगतचेच होते. परंतु त्याची काही लक्षणे एका कुलाशी जुळत, तर काही दुसऱ्याच कुलाशी. नमुना अनेक तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला, पण हे झाड कोणत्या कुलातले, याचा उलगडा होईना. अखेर मानूच्याच परिसरात काम करणाऱ्या पात्रिसिया आल्वारेस-लोआयसा यांनी ताजी पाने मिळविली, त्यांतील डीएनएची तपासणी झाली आणि हे झाड पिक्रॅम्निएसी या लहानशा, फारशा परिचित नसलेल्या कुलातील असल्याचे निष्पन्न झाले. २०२१ मध्ये त्याचे ‘एनिग्मानू आल्वारेझी’ असे नामकरण झाले. ‘मानूचे कोडे’ असा पहिल्या शब्दाचा अर्थ. दुसरा शब्द ताजी पाने मिळविणाऱ्या संशोधिकेच्या गौरवार्थ. झाड दिसले आणि त्याला नाव मिळाले, यांत ४८ वर्षे गेली.

ही अपवादात्मक कथा म्हणून सोडून देता येत नाही. जगभरातील वनस्पती-नमुन्यांच्या आधारे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, नव्या म्हणून जाहीर होणाऱ्या जातींपैकी केवळ १६ टक्के जातींना नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत नाव मिळते. सुमारे एक चतुर्थांश जातींचे नमुने तर ५० वर्षांहून अधिक काळ कपाटात पडून असतात. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ७० हजार जातींना नाव मिळणे बाकी असावे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जातींचे नमुने संग्रहालयांत आधीच दाखल झालेले असावेत, असाही या अभ्यासाचा निष्कर्ष होता. याचा अर्थ, शोध जंगलात जितका बाकी आहे, तितकाच तो कपाटांतही बाकी आहे.

अफाट पसारा

प्रश्नाचा आवाका समजण्यासाठी काही आकडे पाहणे आवश्यक आहे. उत्तर व दक्षिण अमेरिकेतील सर्व वाहिनीवंत वनस्पतींची पहिली एकत्रित यादी डिसेंबर २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत १ लाख २४ हजार ९९३ जाती नोंदविल्या गेल्या. जगातील ज्ञात वाहिनीवंत वनस्पतींचा हा जवळपास एक तृतीयांश हिस्सा. एकट्या ब्राझीलमध्ये ३३ हजारांहून अधिक, तर आकाराने त्याच्या कितीतरी लहान असलेल्या कोलंबियात २३ हजारांहून अधिक जाती आहेत. शिवाय या यादीत दरवर्षी सरासरी ७४४ नव्या जातींची भर पडत असल्याचे संशोधकांनी नमूद केले होते.

या संख्येमागचे वास्तव जंगलात उतरल्यावर कळते. आल्विन जेंट्री या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात पेरूतील इकितोस शहराजवळ यानामोनो येथे एका हेक्टरातील झाडे मोजली, तेव्हा सुमारे ३०० जाती आढळल्या. झाडे होती अवघी ६०६. म्हणजे सरासरी दर दुसरे झाड वेगळ्या जातीचे. इक्वेडोरमधील यासुनी येथे २५ हेक्टरांच्या पट्ट्यात ११०० हून अधिक जातींची झाडे नोंदली गेली आहेत.

अशा जंगलात झाड ओळखायचे कसे? शास्त्रीय ओळख प्रामुख्याने फुलाफळांवरून ठरते. परंतु एखाद्या दिवशी जंगलात शिरले तर बहुतेक झाडांवर फूलही नसते आणि फळही नसते. असले तरी ते तीस-चाळीस मीटर उंचीवर. काही झाडे तर अनेक वर्षांनी एकदा फुलतात. त्यामुळे जाणकार खोडाकडे वळतात. सालीवर कोयत्याने हलका घाव घातला की झाड आपली ओळख सांगू लागते. लालसर द्रव पाझरला तर जायफळाच्या कुलाची शंका घ्यावी; पांढरा चीक आला तर वड-फणसाच्या कुलाची; साल लांब धाग्यांच्या पट्ट्यांनी सोलली गेली तर सीताफळाच्या कुलाची; मसाल्याचा वास आला तर दालचिनीच्या कुलाची. ब्राझीलमध्ये ‘मातेइरो’ म्हणून ओळखले जाणारे स्थानिक वाटाडे पिढीजात अनुभवाने हे करीत आले आहेत. जेंट्री यांनी फुलांवाचून झाडे ओळखण्याच्या या विद्येला शास्त्रीय शिस्त दिली. वायव्य दक्षिण अमेरिकेतील वृक्षांविषयीचा त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इक्वेडोरमध्ये पाहणीसाठी जात असताना विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. हजारो झाडे नजरेने ओळखणारा माणूस गेला की त्याच्याबरोबर किती ज्ञान जाते, याचे हे उदाहरण आजही दिले जाते.

नाव म्हणजे केवळ लेबल नव्हे

वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची आजची पद्धत लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून सुरू झाली, असे मानले जाते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. या नावाला अधिष्ठान असते ते एका प्रत्यक्ष नमुन्याचे. नवी जात जाहीर करताना कोणता वाळवलेला नमुना त्या नावाचा आधार आहे, हे सांगावे लागते. त्याला ‘टाइप’ नमुना म्हणतात. पुढे वाद निर्माण झाला तर शेवटचा निवाडा त्याच नमुन्यावरून होतो. न्यायालयात मूळ दस्तऐवजाला जे स्थान, तेच येथे या नमुन्याला.

अडचण अशी की, उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वनस्पतींचे हे मूळ दस्तऐवज मोठ्या प्रमाणावर युरोपात आहेत. हुम्बोल्ट आणि बोंप्लां यांनी १७९९ ते १८०४ या काळात केलेल्या प्रवासातील नमुने पॅरिसला गेले. १८१७ ते १८२० या काळात ब्राझील पालथे घालणाऱ्या मार्टियस यांचा संग्रह म्युनिकला गेला. मार्टियस यांनी १८४० मध्ये सुरू केलेला ‘फ्लोरा ब्राझिलिएन्सिस’ हा महाग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल ३८ वर्षांनी, १९०६ मध्ये पुरा झाला. ६५ तज्ज्ञांनी लिहिलेल्या या ग्रंथात २२ हजार ७६७ जातींचे वर्णन आहे. लॅटिन भाषेतील या ग्रंथाविना ब्राझीलच्या वनस्पतींचा अभ्यास होऊ शकत नव्हता आणि तो पडताळून पाहायचा तर समुद्र ओलांडावा लागत होता.

दस्तऐवज परदेशी असण्यातील धोका १९४३ मध्ये उघड झाला. त्या वर्षी मार्चमध्ये झालेल्या बॉम्बवर्षावात बर्लिनच्या वनस्पती-संग्रहालयाची राखरांगोळी झाली आणि दक्षिण अमेरिकेतील असंख्य जातींचे मूळ नमुने कायमचे नष्ट झाले. सुदैवाने शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या वतीने जे. फ्रान्सिस मॅकब्राइड यांनी १९२९ पासून युरोपातील संग्रहालयांत फिरून अशा नमुन्यांची हजारो छायाचित्रे घेऊन ठेवली होती. अनेक जातींच्या बाबतीत आज ती छायाचित्रे एवढाच पुरावा उरला आहे.

चुकीच्या ओळखीची किंमत

झाड ओळखण्यातील सूक्ष्म भेदांचे परिणाम किती मोठे असू शकतात, हे सिंकोनाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. अँडीज पर्वतातील या झाडाच्या सालीत हिवतापावरील क्विनीन असते. परंतु सिंकोनाच्या साऱ्या जाती सारख्या नाहीत. १८६० मध्ये ब्रिटिशांनी रिचर्ड स्प्रूस आणि क्लेमेंट्स मार्कम यांच्या साहाय्याने या झाडांची बियाणी व रोपे मिळवून ती निलगिरीत रुजविली. तेथे जोमाने वाढली ती लाल सालीची जात. तिच्यात क्विनीनचे प्रमाण तुलनेने कमी होते. १८६५ मध्ये डच सरकारने चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याकडून जी थोडी बियाणी विकत घेतली, ती निघाली क्विनीनने समृद्ध अशा बोलिव्हियातील झाडांची. परिणामी जगातील क्विनीनच्या बाजारपेठेवर निलगिरीचे नव्हे, तर जावाचे वर्चस्व निर्माण झाले आणि ते दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेईपर्यंत टिकले. ती उत्तम झाडे नेमकी कोणती, हे ओळखणारा माणूस होता मानुएल इंक्रा मामानी हा स्थानिक जाणकार. बियाणे परक्यांना दिल्याबद्दल त्याला तुरुंगवास आणि मारहाण सोसावी लागली व त्यातच त्याचा अंत झाला. झाडाच्या एका प्रकाराला मात्र नाव मिळाले ते लेजरचे.

शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी ज्याचा उपयोग झाला त्या क्युरारेचीही कथा अशीच बोलकी आहे. बाणांच्या टोकाला लावण्याचे हे विष कशात साठविले आहे, बांबूच्या नळीत, मडक्यात की भोपळ्यात, यावरून त्याचे प्रकार ओळखले जात. १९३५ मध्ये हॅरॉल्ड किंग यांनी त्यातील प्रभावी द्रव्य वेगळे काढले ते संग्रहालयातील एका जुन्या साठ्यातून. ते कोणत्या वेलीपासून मिळते, हे मात्र त्या साठ्यावरून सांगता येत नव्हते. कॉन्ड्रोडेंड्रॉन टोमेंटोसम ही त्याची जननी वेल असल्याचे सिद्ध व्हायला १९४३ साल उजाडले. भोपळ्यात साठविलेले विष तर स्ट्रिक्नॉस या वेगळ्याच प्रजातीतील वेलींपासून बनत असे. वनस्पतीची ओळख पक्की झाल्याखेरीज औषधाची मात्रा पक्की होऊ शकत नाही.

आजचा वाद आहे लाकडाचा. ‘इपे’ या नावाने ओळखले जाणारे अ‍ॅमेझॉनमधील टणक लाकूड अमेरिका व युरोपातील श्रीमंत घरांच्या अंगणात फळ्या म्हणून वापरले जाते. ब्राझीलमधील तोडीच्या परवान्यांची छाननी करणाऱ्या २०१८ मधील एका अभ्यासात असे दिसले की, कागदोपत्री इपे झाडांचे प्रमाण जंगलात असण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी अधिक दाखविले जात होते. दुसऱ्याच झाडांची नोंद इपे म्हणून करायची आणि त्या जादा कोट्याच्या आडून इतरत्र बेकायदा तोडलेले लाकूड कायदेशीर करून घ्यायचे, हा त्यातील एक मार्ग होता. पुढे २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत इपेच्या जातींना ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान मिळाले आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आले. परंतु नियंत्रण परिणामकारक ठरायचे, तर बंदरावरील अधिकाऱ्याला फळी पाहून झाड सांगता आले पाहिजे. ‘तौआरी’ या एकाच व्यापारी नावाखाली अनेक जातींचे लाकूड विकले जाते, हे वास्तव पाहता ती अपेक्षा सोपी नाही. जेथे ओळख संदिग्ध असते, तेथे लबाडीला वाव मिळतो.

सोळा हजार की सात हजार?

अ‍ॅमेझॉनमध्ये झाडांच्या जाती किती, या साध्या प्रश्नाच्या उत्तरावरून गेल्या दशकात शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली. २०१३ मध्ये हान्स टेर स्टीख आणि त्यांच्या शंभराहून अधिक सहकाऱ्यांनी असा अंदाज मांडला की, या प्रदेशात सुमारे ३९० अब्ज झाडे आणि १६ हजार वृक्षजाती असाव्यात. त्यांपैकी केवळ २२७ जातींनी निम्मे जंगल व्यापलेले आहे. २०१६ मध्ये याच गटाने १७०७ ते २०१५ या काळातील सव्वापाच लाखांहून अधिक नमुन्यांच्या नोंदी तपासून ११ हजार ६७६ वृक्षजातींची यादी प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी दोमिंगोस कार्दोसो यांच्यासह वर्गीकरणतज्ज्ञांच्या गटाने सखल अ‍ॅमेझॉन वर्षावनाची स्वतंत्र यादी सादर केली. तीत वृक्षजाती होत्या अवघ्या ६ हजार ७२७. आधीच्या यादीत एकाच जातीची दोन-दोन नावे, अ‍ॅमेझॉनबाहेरच्या वनस्पती आणि चुकीच्या ओळखी शिरल्या आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. त्यानंतर २०१९ मध्ये पहिल्या गटाने दुरुस्त केलेल्या यादीत १० हजार ७१ जाती राहिल्या.

दोन्ही गटांच्या व्याख्या आणि क्षेत्रे वेगळी होती, त्यामुळे या आकड्यांची थेट वजाबाकी करणे योग्य होणार नाही. तरीही वादाचे मूळ गंभीर आहे. संगणकात लाखो नोंदी एकत्र करता येतात. पण प्रत्येक नोंदीवरील नाव बरोबर आहे का, हे संगणक सांगत नाही. ऑक्सफर्ड व एडिंबरो येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, आफ्रिकेतील आल्याच्या कुलातील एका प्रजातीच्या साडेचार हजार नमुन्यांपैकी किमान ५८ टक्के नमुन्यांवर तज्ज्ञाच्या सखोल अभ्यासापूर्वी चुकीचे नाव होते. रताळे ज्या प्रजातीत मोडते त्या इपोमियाच्या अमेरिका खंडातील ४९ हजार ५०० नोंदी त्यांनी पाहिल्या, तेव्हा ४० टक्के नोंदींवर कालबाह्य नावे, १६ टक्क्यांवर अमान्य वा अनोळखी नावे आढळली. ११ टक्के नोंदींवर जातीचे नावच नव्हते. एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन संग्रहालयांत दोन नावांनी नांदत असल्याचेही आढळून आले.

हा गोंधळ कागदापुरता राहत नाही. एखादी जात दुर्मीळ आहे की सर्वत्र पसरलेली, हे तिच्या नोंदींवरून ठरते. दोन जाती एका नावाखाली गेल्या तर दुर्मीळ जात विपुल भासते आणि संरक्षणाच्या यादीतून सुटते. जंगलात किती कार्बन साठला आहे, याचा हिशेबही प्रत्येक जातीच्या लाकडाची घनता गृहीत धरून केला जातो. अर्थात सारेच चित्र निराशाजनक नाही. मोजक्या संशोधकांच्या चिकाटीमुळे २०२० मध्ये अमेरिका खंडातील इपोमियाच्या ४२५ जातींचा समग्र आढावा प्रसिद्ध झाला आणि या प्रजातीपुरता गुंता बराच सुटला. अशा कामाला वर्षे लागतात, पण ते अशक्य नाही.

ब्राझीलचा धडा

नमुने युरोपात आणि अरण्ये आपल्याकडे, या विसंगतीवर ब्राझीलने शोधलेला उपाय अनुकरणीय आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘रिफ्लोरा’ योजनेद्वारे लंडनजवळील क्यू उद्यान आणि पॅरिस येथील संग्रहांतील ब्राझिली नमुन्यांच्या उच्च प्रतीच्या प्रतिमा मायदेशी आणल्या गेल्या. रिओ दि जानेरोच्या वनस्पती उद्यानाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. याच पायावर ‘फ्लोरा दो ब्राझील २०२०’ हा ऑनलाइन प्रकल्प उभा राहिला. ९०० हून अधिक शास्त्रज्ञांनी त्यात भाग घेतला आणि वनस्पती, शैवाल व बुरशी मिळून ४६ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली. मार्टियसच्या ग्रंथाला ६६ वर्षे लागली होती. त्याच्या दुपटीहून अधिक जातींचे काम ब्राझीलच्या नेतृत्वाखाली सुमारे दशकभरात उभे राहिले. ते वाचण्यासाठी आता लॅटिन येण्याची गरज उरलेली नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जैवसंपत्तीची चोरी रोखण्यासाठी ब्राझीलने २०१५ मध्ये कायदा केला आणि संशोधनाची नोंदणी सक्तीची केली. मामानीच्या देशाशेजारी असा कायदा व्हावा, हे समजण्यासारखे आहे. रबराची बियाणी १८७६ मध्ये हेन्री विकमने लंडनला नेली आणि त्यापुढे ब्राझीलचा रबर व्यापार आशियातील मळ्यांनी गिळला, ही जखम तेथे विसरली गेलेली नाही. परंतु औषध कंपनीसाठी असलेल्या अटी केवळ पाने मोजणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञालाही लागू झाल्या, तर नमुन्यांची देवघेव मंदावते, अशी तक्रार तेथील शास्त्रज्ञच करतात. हक्कांचे रक्षण आणि ज्ञानाचा प्रवाह यांत समतोल साधणे ब्राझीललाही अद्याप पूर्णपणे जमलेले नाही.

नावे कोणाची असावीत, हा प्रश्नही आता ऐरणीवर आला आहे. सिंकोना हे नाव पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस हिच्यावरून लिनियसने दिले आणि देताना तिच्या नावातील एक अक्षर गाळले. मार्कम यांनी १८७४ मध्ये हे नाव दुरुस्त करावे म्हणून पुस्तकच लिहिले. पण आधी दिलेले नाव कायम, या नियमापुढे त्यांचे काही चालले नाही. हा नियम कठोर आहे, कारण नावे सारखी बदलली तर शास्त्राचा आधारच सुटतो. तथापि जुलै २०२४ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने प्रथमच त्यात फट पाडली. आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांसाठी शिवीसारख्या वापरल्या जाणाऱ्या शब्दावरून आलेली दोनशेहून अधिक नावे बदलण्याचा ठराव ३५१ विरुद्ध २०५ मतांनी संमत झाला. २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या नव्या अपमानास्पद नावांना नाकारण्याची तरतूदही झाली. जुन्या वसाहतवादी नावांना सरसकट हात लावण्याचे मात्र परिषदेने टाळले.

उपवासाच्या ताटापासून घाणेरीपर्यंत

हा सारा विषय मुंबई-पुण्याच्या वाचकाला दूरचा वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो रोजच्या ताटात आहे. उपवासाच्या दिवशी मराठी घरांत खाल्ला जाणारा साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची हे सारे मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेचे. काजू आणि अननस तर वस्तूच नव्हे, नावेही ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत गोव्याकडे घेऊन आले.

भुईमुगाचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. टिक्का आणि तांबेरा हे या पिकाचे मोठे शत्रू. त्यांना तोंड देण्याची ताकद लागवडीच्या भुईमुगात फारशी नव्हती. ती होती बोलिव्हियातील अराकिस कार्डेनासी या रानटी नातलगात. १९६०च्या दशकात झालेल्या संकरांतून हे गुण पुढे जगभर पसरले आणि हैदराबादजवळील इक्रिसॅटमार्गे भारतीय वाणांतही उतरले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या वारशाचा माग काढण्यात आला. मौज अशी की, या उपकारक जातीला शास्त्रीय नाव मिळाले ते १९९४ मध्ये, जेव्हा अर्जेंटिनाचे आंतोनियो क्रापोविकास आणि अमेरिकेचे वॉल्टन ग्रेगरी यांनी भुईमुगाच्या प्रजातीतील ६९ जातींचा आढावा पुरा केला. आज त्या आढाव्याच्या आधारेच रानटी भुईमुगाचे वाण शोधले आणि जपले जातात.

उलट बाजूचे उदाहरण सह्याद्रीच्या उतारांवर दिसते. गाजरगवत, रानमोडी, घाणेरी आणि नद्या-तलाव गुदमरविणारी जलपर्णी, ही चारही संकटे उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली. अशा तणांचा शत्रू-कीटक आणून बंदोबस्त करायचा, तर तण नेमके कोणते आणि कोठून आले, हे कळावे लागते. घाणेरीच्या बाबतीत तेच अवघड आहे. बागेतील संकरांतून तयार झालेला तो जातींचा एक गुंता असून, मूळ प्रदेशात एका प्रकारावर जगणारा कीटक इथल्या प्रकारावर तग धरेलच, याची शाश्वती नसते. जलपर्णीचे शास्त्रीय नाव २०१८ मध्ये आयकॉर्नियावरून पॉन्टेडेरियात गेले. संशोधनाचे जुने व नवे संदर्भ जुळवायचे, तर हा बदलही ठाऊक असावा लागतो.

यंत्र की माणूस?

डीएनएची तपासणी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे आता वर्गीकरणतज्ज्ञांची गरज उरणार नाही, असे म्हटले जाते. या साधनांचे मोल निर्विवाद आहे; मानूचे कोडे डीएनएनेच सुटले. वाळलेल्या पानावर अवरक्त किरण टाकून जात ओळखण्याचे प्रयोगही अ‍ॅमेझॉनच्या झाडांवर यशस्वी झाले आहेत. परंतु मर्यादाही स्पष्ट आहेत. इंगासारख्या, सुमारे ३०० जातींच्या आणि अलीकडेच फोफावलेल्या प्रजातीत डीएनएचे ठरावीक तुकडे जाती वेगळ्या करण्यास अपुरे पडतात. छायाचित्रावरून झाड सांगणारी यंत्रणा तिला शिकविलेल्या नावांइतकीच विश्वासार्ह असते. ज्या झाडाला नावच नाही ते ती ओळखू शकत नाही. जवळचे एखादे नाव ती बेधडक चिकटवून देते. चुकीच्या नावांवर शिकलेले यंत्र चुका अधिक वेगाने करील, एवढेच.

दरम्यान माणसे आणि संस्था यांचा आधार आटत चालला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने ८ लाख २५ हजार नमुन्यांचा आपला संग्रह बंद करून अन्यत्र हलविण्याचा निर्णय जाहीर केला. श्रीमंत विद्यापीठाला जो खर्च जड वाटतो, तो इकितोस किंवा मनाऊसमधील संग्रहालयाला किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, तेव्हा वनस्पतींचा संग्रह बचावला तो केवळ वेगळ्या इमारतीत होता म्हणून.

क्यू उद्यानाच्या २०२३ मधील अहवालानुसार, अद्याप नाव न मिळालेल्या वनस्पतींपैकी चारात तीन जाती विनाशाच्या छायेत असाव्यात. नाव नसलेली जात संकटग्रस्तांच्या यादीत जाऊ शकत नाही, तिच्यासाठी राखीव क्षेत्र मागता येत नाही आणि ती संपली तर तिची नोंदही होत नाही. अ‍ॅमेझॉनसाठी जगभरातून निधी गोळा होत आहे. त्यातला थोडा वाटा या कामाकडे वळला, तर संग्रहालयांत पडून असलेल्या हजारो नमुन्यांना वाचा फुटेल. त्यासाठी भव्य प्रयोगशाळा लागत नाहीत. लागतात ते पगारावर नेमलेले काही तरुण अभ्यासक, त्यांना झाड दाखविणारा मातेइरो आणि ते दोघे टिकून राहतील इतकी वर्षे. मानूतील त्या झाडाला ४८ वर्षे वाट पाहणे परवडले, कारण ते संरक्षित उद्यानात उभे होते. उद्यानाबाहेरच्या झाडांपाशी तेवढा अवधी नाही.